अनुभव धागा: ‘द आर्क इन स्पेस’ – विर्न पटला का नाही, अन् काहून?

पांढरं सोनं (धागा काढणारा):

राम राम मंडळी. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतली ही चार भागांची कथा २५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी १९७५ अशा चार शनिवारी दाखवली गेली. लेखन रॉबर्ट होम्स, दिग्दर्शन रॉडनी बेनेट. डॉक्टर झालेल्या टॉम बेकरची ही दुसरीच कथा. दुसरा भाग ब्रिटनमध्ये एक कोटी छत्तीस लाख लोकांनी पाहिला. पन्नास वर्षं उलटली तरी या कथेवर एकमत नाही. कोणी म्हणतं मालिकेतली पहिल्या पाचातली, कोणी म्हणतं हिरव्या प्लास्टिकची जत्रा.

न पाहिलेल्यांसाठी चार ओळी. सूर्याच्या ज्वाळांनी पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही म्हणून निवडक माणसं नेर्वा नावाच्या अंतराळस्थानकात गाढ झोपवून ठेवलेली. ठरल्या वेळी त्यांना उठवणारी यंत्रणा बंद पडली आणि ती काही हजार वर्षं जास्त झोपली. यंत्रणा बंद पडली कारण विर्न जातीच्या महाकाय कीटकांची राणी आत शिरली, तिनं तारा तोडल्या आणि ड्यून नावाच्या झोपलेल्या तंत्रज्ञाच्या अंगात अंडी घातली. मालिकेचा कालप्रवासी नायक डॉक्टर आणि त्याचे सोबती सारा व हॅरी पोचतात तोवर अळ्या बाहेर पडल्यात. स्थानकाचा प्रमुख नोआ जागा होतो, अळीशी त्याची गाठ पडते, आणि हातापासून सुरुवात होऊन तो स्वतःच विर्न होत जातो.

कापूस-तुरीच्या मुलखातल्या लोकांना ही कथा कशी दिसते ते हवं आहे, कारण किडीच्या बाबतीत आपल्याला सहसा कोणी फसवू शकत नाही. एक विनंती: आपल्या लहानपणच्या टीव्हीच्या आठवणी नकोत. कोणता भाग, कोणतं दृश्य, काय पटलं, काय बिघडलं आणि का बिघडलं, तेवढं लिहा. शेवट फुटेल म्हणून चिंता नको. पन्नास वर्षांत जो फुटायचा तो फुटला.

कुंभारीण:

किडीपासूनच सुरू करते. या कथेत डॉक्टर स्वतः एका खऱ्या माशीचं नाव घेतो: युमेनिस. म्हणजे आपली कुंभारीण. खिडकीच्या चौकटीवर, तुळईला, चिखलाचं इवलंसं गाडगं करणारी. तो सांगतो की ही माशी अळीला लुळं करते आणि तिच्या अंगात अंडी घालते, म्हणजे पिल्लांना बाहेर पडताच ताजं अन्न. ऐकायला पक्कं वाटतं, पण अर्धंच बरोबर आहे. कुंभारीण अळीच्या अंगात अंडं घालत नाही. आधी गाडगं बांधते, त्याच्या छताला बारीक धाग्यानं एक अंडं टांगते, मग डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या आत कोंबते आणि तोंड लिंपते. अंडं टांगलेलं असतं ते बहुधा खालच्या अळ्यांच्या वळवळीत चिरडू नये म्हणून. अंगात अंडी घालणारे कीटक वेगळे. आणि गंमत अशी की डॉक्टरला हवा असलेला नेमका कीटक आपल्या वावरात विकत आणून सोडला जातो.

ट्रायकोकार्ड सगळ्यांनी पाहिलं असेल. पोस्टकार्डाच्या जातीचा कागद, त्यावर तांदळाच्या पतंगाची सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली, आणि प्रत्येक अंड्याच्या पोटात ट्रायकोग्रामा या परजीवी माशीचं पिल्लू. माशी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, साध्या डोळ्याला धुळीचा कण. अंड्यात अंडं घातलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते काळं पडतं. काळं पडलं की समजायचं घरधनी बदलला. साधारण आठवड्याभरात पतंगाच्या अंड्यातून पतंगाची अळी न येता माशी बाहेर येते. कपाशीला हेक्टरी दीड लाख, म्हणजे सात-आठ कार्डं. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, आणि पुढचे काही दिवस विषारी फवारणी बंद. दुपारी उन्हात लावली किंवा दुसऱ्या दिवशी पंप फिरवला तर पैसे मातीत.

आता दुसऱ्या भागाचा शेवट पाहा. नोआ खिशातला हात बाहेर काढतो आणि हात हिरवा. माझ्या मते कथेतली सगळ्यात खरी जागा हीच, कारण ते अंडं काळं पडण्यासारखंच आहे. बाहेरचं कवच तेच, आत मालक दुसरा. लोक हसतात ते हाताच्या रंगाला. त्या हाताकडे पाहणाऱ्या केंटन मूरचा, म्हणजे नोआ झालेल्या नटाचा, चेहरा पाहत नाहीत.

जे पटत नाही ते असं: नोआच्या अंगात कोणी अंडं घातलेलं नाही, नुसत्या लागणीनं त्याचं रूपांतर होतं. परजीवी माशीचा संसर्ग होत नसतो. लेखकानं तीन किडी एका पोत्यात भरल्या आहेत: लुळं करणारी कुंभारीण, आत वाढणारी ट्रायकोग्रामा, आणि तिसरी काहीतरी साथीच्या रोगासारखी. पहिल्या दोघींचं जमतं. तिसरीपाशी कथेचा टाका उसवतो.

धुऱ्यावरचा:

ताई, माशीचं सारं खरं हाये, पण कीर्तनातली भिंगुरटी इसरल्या तुमी. अवधूताच्या चोवीस गुरूंतला शेवटचा गुरू तोच किडा. कुंभारीण अळीले मातीच्या घरात कोंडते, अळी भेवानं तिचाच ध्यास घेते अन् ध्यासानं कुंभारीण होऊन बाहीर निंगते. आपल्या इकडं सप्ताहात बसलेल्या कोन्याबी म्हाताऱ्याले नोआचा हात दाखवा, तो म्हनन, ह्ये त कीट-भृंग न्याय. त्याले प्लास्टिक दिसनच नाई.

कुंभारीण:

धुऱ्यावरचे भाऊ, बरोबर. जुन्या लोकांनी गाडग्यात अळी जाताना पाहिली, माशी निघताना पाहिली, मधलं टांगलेलं अंडं पाहिलं नाही. निरीक्षण पक्कं, निष्कर्ष चुकला. विर्नच्या लेखकाचं नेमकं उलट: निष्कर्ष भारी, निरीक्षण कच्चं.

तुरीच्या ओळी:

कुंभारीण ताईंनी ‘तिसरी काहीतरी साथीच्या रोगासारखी’ म्हणून जी बाजूला सारली, ती तुरीवर आणि हरभऱ्यावर रोज दिसते. घाटेअळीचा विषाणू, एचएएनपीव्ही. हेक्टरी २५० एलई (म्हणजे २५० रोगट अळ्यांइतका विषाणू), सुमारे ५०० लिटर पाण्यातून, आणि फवारायचं संध्याकाळीच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू मरतो. म्हणून त्यात कपड्याची नीळ घालतात, लिटरला एक ग्रॅमच्या हिशेबानं. विषाणू पोटात गेलेली अळी लगेच मरत नाही. पाच-सात दिवस फिरते, आणि मरायच्या आधी झाडाच्या शेंड्याकडं चढत जाऊन मागच्या पायांवर उलटी लटकते. मग कातडी फाटते आणि आतलं पाणी खालच्या पानांवर सांडतं. ती पानं खाणाऱ्या अळीला पुन्हा तेच.

चढणं अळीच्या फायद्याचं नाही. विषाणूच्या फायद्याचं आहे. म्हणजे अळी चालते, पण चालवणारा दुसराच. नोआची मधली अवस्था हीच. अर्धं वाक्य त्याचं, अर्धं झुंडीचं. तो त्याची स्थानकावरची सहकारी व्हीरा हिला हुकूम देतो आणि मध्येच ड्यूनच्या नावानं बोलू लागतो, तिथं लेखकाला साथीचा रोग नेमका कळलेला होता.

एक दुरुस्ती मीच करतो: घाटेअळीला रोग लागतो तो खाण्यातून, अंगाला लागून नाही. तेव्हा टाका उसवलाय हे खरं, पण ताई म्हणतात तेवढा मोठा नाही. बोटभर.

झाडीचा पडदा:

आता बबल रॅपवर येऊ, कारण भांडणाचं मूळ तिथं आहे. नोआचा हात आणि अळ्या, दोन्ही बबल रॅपला हिरवा रंग मारून केलेले. हे प्लास्टिक १९५७ साली अमेरिकेत निघालं, तेही भिंतीला लावायचा उठावदार कागद म्हणून. १९७४ च्या अखेरीस स्टुडिओत चित्रण झालं तेव्हा ते ब्रिटनमधल्या घराघरात पोचलेलं नव्हतं. त्या प्रेक्षकाला फक्त फोडाफोडांची ओली कातडी दिसली. आज फ्रिजच्या खोक्यातून निघणारी वस्तू अंतराळात दिसली की हसू येणारच. म्हणजे वस्तू तीच, प्रेक्षकाची ओळख बदलली.

पण खरं बिघडवलं ते उजेडानं. तेव्हाचे स्टुडिओ कॅमेरे नळीचे, त्यांना भरपूर उजेड लागायचा. तीन-चार कॅमेरे एकदम चालत असल्यानं दिवे वरून आणि सगळीकडं सारखे टांगावे लागत. सारख्या उजेडात चकचकीत प्लास्टिकचा प्रत्येक बुडबुडा एकेक पांढरा ठिपका परत फेकतो. दुसरं कारण, पॉलिथिनवर रंग धरत नाही. वाकलं की पोपडा सुटतो आणि खालचं पारदर्शक प्लास्टिक चमकतं. तिसऱ्या भागातली सरपटणारी अळी पाहा, कडेकडेनं हेच दिसतं.

झाडीपट्टीच्या नाटकात दिवाळी ते होळी एवढ्या हंगामात राक्षस, भूत, पिशाच्च सगळं उभं करावं लागतं, आणि प्रेक्षक दहा फुटांवर. तिथं हा हात असा करतात. सुती हातमोजा घ्या. फेविकॉल आणि पाणी निम्मेनिम्मे, एका हाताला पाव किलो फेविकॉल पुरतो. सरकी काढलेल्या कापसाचे पेळू त्यात बुडवून पिळायचे आणि मोज्यावर बोटांनी दाबत गाठी बसवायच्या. सांध्यांवर कापूस नको, नाहीतर वाळल्यावर बोटं मिटत नाहीत. उन्हात सहा-सात तास. मग दुसरा थर. रंग मारताना आधी मातकट तपकिरी, तो पूर्ण वाळला की खळग्यांत गडद हिरवा, आणि फक्त उंचवट्यावर कोरड्या ब्रशनं पिवळसर. एकसारखा हिरवा मारला तर पोपट होतो, विर्न होत नाही.

ओलसरपणासाठी जवस. दोन मोठे चमचे जवस दीड कप पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा आणि गरम असतानाच फडक्यातून गाळा. गार झाल्यावर गाळू म्हणाल तर फडकं फाटेल, चिकट खाली येणार नाही. प्रवेशाच्या दोन मिनिटं आधी हातावर चोपडा. तार सुटते, आणि फेविकॉलच्या हातावर पटकन विरघळतही नाही. दुसऱ्या दिवशी वापरू नका, आंबूस वास येतो आणि नट तक्रार करतो.

दिवा एकच, मागून किंवा कडेनं. समोरचा हॅलोजन बंद.

हे सांगायचं कारण असं, की दोष पैशाचा होता असं जे सरसकट म्हणतात ते मला मान्य नाही. नेपथ्यकार रॉजर मरे-लीचनं उभारलेलं ते झोपलेल्या माणसांचं उंच, वळणदार, पांढरं दालन पाहा. तोच पसारा पुन्हा त्याच वर्षीच्या ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’ या कथेत वापरला आणि दोन्हींचा खर्च भागवला. पैसा तिथं नीट घातलाय. अळीच्या वेळी अंधार घातला असता तर पैसाही लागला नसता.

धुऱ्यावरचा:

मोठ्या विर्नचे पाय पाह्यले काय कोनी? लोंबते हायेत. भुईवर भार देतच नाई. बैल लंगडा असला तरी पाय टेकवते. मले बबल रॅप चालते, हे नाई चालत.

पांढरं सोनं:

धुऱ्यावरच्या भाऊंचा मुद्दा नोंदवण्यासारखा. रंग, पोत, आकार माफ होतो. चाल चुकली की माफी नाही.

झटका मशीन:

चौथ्या भागातल्या तारेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्थानकाची वीज विर्नच्या ताब्यात, म्हणून जोडून असलेल्या जहाजातून वीज घ्यायची आणि झोपलेल्या माणसांच्या दालनाचा रस्ता जिवंत करायचा, असा बेत. सारा अरुंद नळीतून केबल ओढत नेते, मध्ये अडकते, आणि डॉक्टर तिला टोचून बोलून, चिडवून बाहेर काढतो. यावर दोन गट आहेत. एकाला ते दृश्य साराचा अपमान वाटतं, दुसऱ्याला डॉक्टरची हुशारी. मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न वेगळा: एकच केबल कशी पुरली?

पुरते. डुकरांसाठी कुंपणाला लावतो ते झटका मशीन आठवा. बारा व्होल्टची बॅटरी, मशीनमधून आठ-दहा हजार व्होल्टचा ठोका, सेकंदाला साधारण एक, तोही सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता. तार एकच. परतीचा रस्ता जमिनीतून, अर्थिंगच्या सळईपर्यंत. डुक्कर तारेला शिवलं की मंडल पुरं होतं. चिमणी तारेवर बसते, तिला काही नाही, कारण तिचे पाय भुईला नाहीत. नेर्वामध्ये भुईच्या जागी धातूचा सांगाडा. जहाज स्थानकाला जोडलेलं, दोघांचं अंग एक. ट्रॅक्टरमध्ये बॅटरीची एकच वायर दिव्याला जाते आणि परत चेसिसमधून येते, तसंच. विर्न धातूच्या फरशीवर उभा आहे, तारेला शिवला की गेला. कथेत हे कोणी समजावून सांगत नाही, पण चुकीचंही दाखवत नाही.

उलट आपल्याकडंच जास्त चुकतं. एप्रिल-मेत काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंग मरतं आणि झटका बसत नाही. लोक म्हणतात मशीन खराब. एका सळईच्या जागी तीन-चार फूट खोल तीन सळया, एकमेकींपासून दोन-तीन मीटरवर, आणि बुडाशी पाणी ओता. पावसाळ्यात उलटं, गवत तारेला टेकतं आणि झटका गवतातून भुईत मुरतो. आणि मशीन बंद पडलं म्हणून लाइनची २३० व्होल्ट सरळ कुंपणाला देणारा माणूस मारेकरी ठरू शकतो. मशीनचा ठोका क्षणभराचा असतो, लाइनचा प्रवाह सुरूच राहतो, आणि त्यात डुकराआधी माणूस सापडतो. ते बेकायदा आहे, आणि तरी होतं.

माझा आक्षेप एवढाच: ज्या लोकांनी मानवजात टिकवायचा बेत केला त्यांनी जागं करायची सगळी यंत्रणा एका किड्याला तोडता येईल अशा तारांवर ठेवली. बियाणं साठवणारे असं करत नाहीत. अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र आहे. या क्षेत्रातला नियमच असा की दीर्घ साठवणीतलं बी पाच-सात टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचं, उणे अठरा अंशांवर ठेवायचं, त्याचा दुसरा संच दुसऱ्या जागी ठेवायचा, आणि काही वर्षांनी थोडं बी काढून उगवण तपासायची. उगवण घसरली की पेरून नवं बी धरायचं. ‘हजारो वर्षांनी आपोआप उठतील’ या भरवशावर कोणी बी ठेवत नाही.

बंद फिडर:

गावात दाखवायची असेल तर हिशेब देऊन ठेवतो. चार भाग, प्रत्येक सुमारे पंचवीस मिनिटं, म्हणजे शंभर मिनिटं. प्रोजेक्टर २५०-३०० वॉट, स्पीकर ५०. बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरवर नुकसान धरून पस्तीस अँपिअर खेचतो. १५० एएचची बॅटरी अर्ध्यापर्यंतच उतरवायची म्हटली तर दोन तास. नवी बॅटरी असेल तर. तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीवर चौथ्या भागात, नेमका विर्न चढून येताना अंधार. म्हणून दोन रात्री, दोन-दोन भाग.

चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं, चारास तीन. आठ बाय सहाचं फ्लेक्स नेमकं बसतं; मागची पांढरी बाजू पुढं घ्या, चादर नको, ती वाऱ्यानं पोटासारखी फुगते. प्रोजेक्टर ‘वाइड’वर असला तर टॉम बेकर बुटका आणि विर्न लठ्ठ दिसतो, आणि लोक मग म्हणतात चित्रण वाईट. सेटिंग बदला.

पावसाळ्यात दाखवू नका. प्रोजेक्टरच्या झोतावर तुडतुडे आणि पतंग एवढे येतात की पडद्यावर कोणता विर्न खरा ते कळत नाही. दाखवायचीच असेल तर चाळीस-पन्नास फुटांवर पांढरा बल्ब आणि खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं. बरेचसे तिकडं जातात.

पहिल्या भागावरच सगळ्यात जास्त मतं फुटतात. त्यात जवळजवळ सगळा वेळ फक्त तिघं: डॉक्टर, सारा, हॅरी. बंद खोलीतली हवा संपते, मग आपोआप मारा करणारं पहारेकरी यंत्र, टेबलाखाली लपणं, बूट-मफलर पुढं करून त्याची परीक्षा घेणं. ज्याला गोष्ट हवी त्याला हे लांबलेलं वाटतं. ज्याला जागा हवी, म्हणजे रिकामं स्थानक, त्याच्यासाठी हाच भाग सर्वांत चांगला. मराठीत सांगणारा असेल तर या भागात कमी बोलायचं. हवा संपण्याच्या प्रसंगात एक वाक्य आणि झोपलेली माणसं दिसतात तिथं एक. झोपलेल्यांसमोर डॉक्टर मानवजातीच्या चिवटपणाबद्दल छोटं भाषण करतो. ते ओळीओळीनं भाषांतर करायला गेलात तर मेलं. आधी सांगून टाका आणि मग बेकरचा आवाज ऐकू द्या.

दुसऱ्या भागात मात्र जास्त सांगावं लागतं, कारण नोआ, व्हीरा, रोगिन, लिब्री अशी नावं भराभर येतात. नोआ हे त्याचं टोपणनाव, खरं नाव लझार. ‘नोआची नौका’ इथं कळत नसेल तर मनूची नाव आणि मासा सांगा, अर्ध्या मिनिटात काम होतं.

तुरीच्या ओळी:

नावेवरून आठवलं. नोआ या तिघांना पाहताच ‘रिग्रेसिव्ह’ म्हणतो, मागास, अशुद्ध. त्याला भीती अशी की निवडून ठेवलेल्या वंशात भेसळ होईल. बरेच जण म्हणतात हा धागा लेखकानं अर्धवट सोडला. मला तसं वाटत नाही, आणि कारण कपाशीचं आहे.

बीटी बियाण्याच्या (ज्याच्या झाडातच बोंडअळीचं विष असतं) ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साधं बी यायचं, वावराच्या कडेनं लावायला. त्याला आपण ‘रेफ्युजी’ म्हणतो. बहुतेकांनी ते फेकलं, कारण शुद्ध वावरात कीडवालं बी कशाला? पण त्या साध्या ओळींतच विषाची सवय नसलेली बोंडअळी जगते, सवय झालेल्या मोजक्या पतंगांशी जुळते, आणि पुढच्या पिढीत विष पुन्हा लागू पडतं. साध्या ओळी गेल्या तसा हा उपाय गेला, आणि गुलाबी बोंडअळीनं बीटीला दाद देणं सोडलं. ती हंगाम संपला की सरकीत सुप्तावस्थेत पडून राहते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी कपाशी, ठेवली की तिला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. पुढच्या वर्षी डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमलणारी फुलं) दिसल्या की कळतं पाहुणा कधीच गेला नव्हता.

नेर्वामध्येही तेच. शुद्ध, निवडलेले लोक झोपेत संपत होते. वाचवलं ते कडेच्या ओळीतल्या तिघा अशुद्धांनी. लेखकानं भाषण दिलं नाही म्हणून धागा अर्धवट म्हणायचा का?

जवस अन् तीळ:

विर्नची बाजू कोणी घेत नाही म्हणून मी घेतो. नोआच्या आवाजात ते सांगतात की माणसं त्यांच्या मुलखात आली, हजार वर्षं लढाई झाली, आणि माणसांनी त्यांच्या पैदाशीच्या जागा नष्ट केल्या. देवयानी दीर्घिकेतली गोष्ट. एवढं सांगून कथा पुढं पळते. डॉक्टरसुद्धा थांबत नाही. जंगलाला लागून वावर असलेल्या माणसाला हे खटकतं, कारण ‘आधी कोण होतं’ हा प्रश्न आपल्याकडं रोज संध्याकाळी धुऱ्यावर उभा असतो. माझं मत: तिसऱ्या भागात सौरकक्षातली धावपळ कापून दोन मिनिटं इथं द्यायला हवी होती.

झाडीचा पडदा:

कापण्यावरून. त्याच तिसऱ्या भागात नोआ व्हीराला ‘मला मारून टाक’ म्हणून विनवतो असा तुकडा होता. निर्माता फिलिप हिंचक्लिफनं तो प्रसारणाआधी काढला, लहान मुलांना झेपणार नाही म्हणून. बारकाईनं पाहिलं तर तिथं संवाद एकदम उडी मारतो. ज्यांना नोआचा शेवट अचानक वाटतो त्यांनी ही उडी ध्यानात घ्यावी. मधला टप्पा पडद्यावर नाहीच. २००२ च्या डीव्हीडीवर स्थानकाच्या मॉडेलऐवजी संगणकानं केलेली दृश्यं निवडायची सोय आहे. गावात दाखवताना ती घेऊ नका. बाहेरचं स्थानक चकाचक आणि आतली अळी बबल रॅपची, मग फरक दुप्पट दिसतो.

पांढरं सोनं:

शेवटावर कोणी बोलेना. सगळी झुंड जहाजात शिरते, जहाज सुटतं, नोआचा आवाज व्हीराचा निरोप घेतो आणि जहाज फुटतं. त्याआधी स्थानकावरचा तंत्रज्ञ रोगिन डॉक्टरला बाजूला सारून जहाजाचे कुलूपबंद सोडवायला स्वतः थांबतो आणि जळून मरतो. त्याचं कोणी नाव घेत नाही, पण चौथ्या भागातला खरा माणूस तोच. प्रश्न असा: नोआनं रॉकेट स्थिर ठेवणारी यंत्रणा मुद्दाम चालू केली नाही, का विसरला? डॉक्टर मुद्दामच म्हणतो.

कुंभारीण:

कथेच्या स्वतःच्या नियमानं पाहा. विर्न ज्याला खातो त्याची माहिती त्याच्यात उतरते, म्हणूनच ड्यूनचं ज्ञान अळ्यांना मिळालं. मग जहाज कसं चालवायचं ते झुंडीला माहीत असलंच पाहिजे. माहीत असूनही केलं नाही, म्हणजे विसरणं शक्यच नाही. मुद्दाम.

तुरीच्या ओळी:

किंवा शेंड्यावर चढलेली अळी. अळीला वाटतं आपण चढतोय. नोआनं झुंडीला जहाजात नेलं, पण कोणाच्या फायद्याचं होतं ते पाहा, मग कोणी चालवलं ते कळेल. इथं पहिल्यांदाच उलटं: माणूस विषाणू झाला आणि झुंड अळी. ताईंशी सहमत, कारण वेगळं.

धुऱ्यावरचा:

ताई, ड्यून स्टेशनचा वायरमन होता, ड्रायव्हर नव्हता. डीपीवर फ्यूज टाकनाऱ्याले ट्रॅक्टर देऊन पाहा. त्याले सारं माहीत असते, फकत उतारावर गिअर कोनता टाकाचा थे नाई.